आचाऱ्याचं पान

"जेवा की आचारी! का आमच्या घरचं अन्न गोड लागंना?"

मसूरच्या जगदाळ्यांनी बुंदीचा लाडू माझ्या नवऱ्याच्या पानात टाकला आणि ते कमरेवर हात ठेवून समोर उभे राहिले. मांडव रिकामा होत आला होता. घरची उरलीसुरली माणसं आमच्याभोवती गोळा झाली होती. ह्यांच्या पानात मसालेभात तसाच, वांग्याची भाजी तशीच, आणि पुरीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवलेला.

आमच्या भागात तेव्हा रीत होती. सगळ्या पंगती उठल्या की शेवटचं पान आचाऱ्याचं. यजमानानं स्वतः वाढायचं, आग्रह करायचा, आणि आचाऱ्यानं सगळ्यांसमोर पोटभर जेवायचं. ज्यानं रांधलं तो स्वतः खातोय, म्हणजे अन्नात काही खोट नाही. आचारी ढेकर देऊन उठला की कार्य पार पडलं. माझे मालक, दौलत गुरव, ह्या पानासाठी कराडपासून उंब्रजपर्यंत नावाजलेले होते. त्यांचं जेवण बघायला माणसं थांबायची. वाढणारा दमेल, पण ह्यांचा हात थांबायचा नाही.

"जेवतोय की," हे म्हणाले. लाडवाचा कण तोंडात टाकला आणि तोच घोळवत बसले.

तेवढ्यात जगदाळ्यांची धाकटी बहीण पदर सावरत आली. "दादा, नवरीच्या मावशीला उलटी झालीया. आन् हितं आचारीच जेवंना, बघ."

"मावशीनं सकाळपासनं मठ्ठ्याचं पातेलं संपवलंय," मी म्हणाले. "उलटी हुईल न्हाईतर काय!"

कुणी हसलं नाही. जगदाळ्यांनी ह्यांच्या पानाकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि वाढायचं ताट खाली ठेवलं. हे उठले. मोडलेला तुकडा आणि आख्खा लाडू पानात तसाच राहिला.

टेम्पोत बसल्यावर मी तोंड सोडलं. "अवो, चार घास ढकलायचे व्हते! बघत व्हते ना सगळे?"

"भूक न्हाई गं."

"भूक न्हाई, भूक न्हाई! तीन महिनं झालं ह्येच ऐकतीया. आचाऱ्याला भूक न्हाई म्हंजे काय!"

हे गप्प बसले. गप्प बसण्यात ह्यांचा हात कुणी धरला नसता. ह्या गोष्टीला आता पुष्कळ वर्षं झाली, हे जाऊनही चार वर्षं झाली, पण तो टेम्पो आठवला की माझं डोकं अजून तापतं.

जगदाळ्यांच्या लग्नाआधी दोन वर्षं ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी अंगठा, मग मनगट. लोक चेष्टा करायचे, "दौलतराव, तुम्हाला झारा आपटाय नको, बुंदी आपोआप पडती." हेही हसायचे. पण उकळत्या तेलापाशी थरथरणारा हात म्हणजे हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती. एकदा पळीभर तेल पायावर सांडलं, तेव्हा मी ह्यांना ओढत कराडच्या डॉक्टरकडं नेलं. त्यानं कंपवात सांगितला, गोळ्या दिल्या आणि म्हणाला, पुण्यात एका मोठ्या इस्पितळात नव्या औषधाची चाचणी चाललीय, नाव घालून बघा.

पुण्याच्या डॉक्टर रेगेबाई तरुण होत्या. त्यांनी आधी ह्यांना एकट्याला आत नेऊन तपासलं, मग मला बोलावलं आणि समजावून सांगितलं.

"माणूस जेवला की आतड्यातून एक रस रक्तात सुटतो. तो मेंदूला सांगतो, आता पुरे. मधुमेहाच्या रोग्यांना त्या रसासारखंच औषध टोचतात. आता असं वाटायला लागलंय, की तोच रस मेंदूच्या पेशींनाही जपत असावा. उंदरांत तसं दिसलंय. माणसांत खरं आहे का, ते बघायचंय."

"म्हंजे आतडं मेंदूला सांभाळतं?"

"तसंच काहीसं. आठवड्यातून एकदा पेनासारख्या सुईनं पोटावर टोचायचं, घरीच. भूक थोडी कमी होईल, मळमळेल. आणि एक गोष्ट आधीच सांगते. निम्म्या लोकांच्या पेनात औषध असेल, निम्म्यांच्या पेनात नुसतं पाणी. कुणाला काय मिळतंय हे तुम्हाला कळणार नाही. मलाही माहीत नसतं."

डॉक्टरलाच माहीत नाही, हे मला तेव्हाच खटकलं होतं. मी आमटीत काय घातलं ते मला माहीत नसेल तर मला कुणी आचाऱ्याची बायको म्हणेल का? पण ह्यांचा हात होता, म्हणून मी गप्प बसले.

टोचायला लागलो आणि महिन्याभरात हात निवला. अगदी थांबला नाही, पण झारा धरवायला लागला. त्याच सुमाराला भूक गेली. भाकरी चतकोर, भात दोन घास. मी सरळ हिशेब केला. हात थांबला, भूक गेली, म्हणजे आमच्या पेनात औषधच आहे. देवाला नारळ दिला.

आणि मग जगदाळ्यांचं लग्न झालं.

ती बातमी आमच्या आधी कराडला पोचली. दौलत आचारी स्वतःच्या हातचं खात नाही. कुणी म्हणालं तेल जुनं होतं, कुणी म्हणालं डालड्यात भेसळ होती. ठरलेली दोन लग्नं मोडली. एकानं तर निरोपही धाडला नाही, परस्पर दुसऱ्या आचाऱ्याला सुपारी दिली. चुलवण पेटवण्यासाठी हात परत मिळाला होता, आणि आता चुलवणच कुणी देईना. माझ्या अंगाची लाही लाही व्हायची. आजारानं घेतलं असतं ते औषधानं घेतलं, मग हे औषध तरी कशाला म्हणायचं!

एकच लग्न हातात उरलं होतं, काळगावच्या चव्हाणांचं. तिथंही पान तसंच राहिलं असतं तर दौलत आचारी संपला असता.

पेनं आणायला महिन्यातून एकदा पुण्याला जावं लागे. तिथल्या बाकांवर आमची एका जोडप्याशी ओळख झाली होती. सोलापूरच्या महानंदाबाई आणि त्यांचे मालक रेवणसिद्ध. रेवणसिद्ध चादरीच्या कारखान्यात मागावर होते, ह्यांच्यासारख्याच थरथरत्या हातानं नोकरी घालवली होती. आमची नावं एकाच दिवशी पुकारायची, म्हणून डबाही एकत्रच व्हायचा. त्यांची शेंगाचटणी, माझा लसणाचा ठेचा. त्या दिवशी आमचे दोघे आत तपासायला गेले होते. महानंदाबाईंनी डबा उघडला आणि माझ्या तोंडाकडं बघितलं.

"काय झालं ओ हौसाक्का? तोंड का असं?"

मी सगळं सांगितलं. जगदाळ्यांचं पान, मोडलेली लग्नं, चव्हाणांचं कार्य.

"म्हंजे तुमचं खरं हाय बघा," त्या म्हणाल्या. "जेवण जातंय म्हंजे औषध लागू पडायलंय. आमचं बघा की ओ. दोन-दोन कडक भाकऱ्या हाणायलालेत. हात हाय तसाच. आमच्या नशिबात पाणीच आलंय."

"मला द्या ते पाणी," मी तडकून म्हणाले. "निदान माणूस जेवंल तरी."

त्यांचा घास हातातच राहिला. मग त्यांनी इकडं तिकडं बघून आवाज उतरवला. "मग बदलू की."

"काय?"

"पेनं ओ. दोन महिनं तुमची आमच्याकडं, आमची तुमच्याकडं. तुमचं लग्न निघून जाईल. आमच्या मालकाला थोडं खरं मिळंल. मग परत ज्याचं त्याला."

चटणी देऊन ठेचा घ्यावा इतक्या सहज म्हणाल्या त्या. आणि मी अजून सांगते, मला त्यात काही वावगं वाटलं नाही. एकीकडं जास्त झालं, दुसरीकडं कमी पडलं, तर आपण वाटून घेतो. शेजारणीच्या घरी दूध नासलं तर आपल्यातलं देतोच ना? दोघींचे पेनांचे डबे स्टीलचे, आत बर्फ. पिशव्यांतले डबे बदलायला कितीसा वेळ लागतो?

परतताना एसटीत मी ह्यांना सांगितलं. ह्यांनी मान वळवून माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं.

"आवं, बोला की. चालंल ना?"

"तुला बरं वाटंल तसं कर," हे म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले.

त्या दोन महिन्यांत घरी ह्यांचं जेवण काही फारसं वाढलं नाही. मी मनाची समजूत घातली, आधीचं औषध अजून अंगात असेल, उतरायला वेळ लागतो. चव्हाणांचं लग्न येईपर्यंत माझ्या घशाखालीही अन्न नीट उतरत नव्हतं.

काळगावला पहाटेपासून चुलवणं पेटली. ह्यांनी बुंदी पाडली, पाक केला, मी आणि आणखी दोन बायकांनी लाडू वळले. मसालेभाताच्या फोडणीशी ह्यांनी मला हाक मारली, "हौसे, बघ गं, झालं का?" मी वाकून वास घेतला, "झालं," म्हणाले. पंगती उठल्या, वाढपी दमले, आणि चव्हाणांनी मांडवाच्या मधोमध पाट मांडला. बातमी त्यांच्याही कानावर होती, हे त्यांच्या तोंडावरच लिहिलेलं होतं. सगळं वऱ्हाड थांबलं होतं. जेवण झालेली माणसंही चुळा भरून परत आली होती.

मी लाडवांची परात घेऊन समोर उभी राहिले. 

हे पाटावर बसले. चित्राहुती घातल्या. मसालेभात कालवला आणि घास घेतला. मग दुसरा, मग तिसरा. पुरी मोडली, भाजीत बुडवली. चव्हाणांनी लाडू वाढला, तो संपला. आणखी एक वाढला, तोही संपला. ह्यांच्या कपाळावर घाम आला होता, उन्हाळ्याचे दिवस होते. "वाढा की हौसाबाई!" कुणीतरी ओरडलं, आणि मी परात पुढं केली. हे मान खाली घालून जेवत राहिले. शेवटी चव्हाणांनीच हात जोडले.

"आचारी, पुरं करा आता, न्हाईतर आमच्या पाहुण्यांना उरायचं न्हाई!"

मांडवात हशा पिकला. माझी छाती भरून आली. मी परात खाली ठेवली आणि पदरानं डोळे पुसले. मसूरच्या जगदाळ्यांचा कुणी पाहुणा तिथं असेल तर त्यानं डोळे भरून बघावं असं मला वाटत होतं. हे उठून हात धुवायला मांडवामागं गेले आणि बऱ्याच वेळानं आले. मला त्याचं काहीच वाटलं नाही, मी लोकांची वाहवा ऐकत होते. त्या दिवशी निघतानाच तांबव्याच्या पाटलांनी वैशाखातल्या लग्नाची सुपारी दिली.

आठवड्यानं पुण्याहून फोन आला. तारखेच्या आधीच बोलावलं होतं. गेलो तर रेगेबाईंच्या खोलीत महानंदाबाई आणि रेवणसिद्ध आधीच बसलेले. महानंदाबाई माझ्याकडं बघेनात.

रेगेबाईंनी दार लावून घेतलं. "रक्ताच्या तपासण्या बाहेरची माणसं बघतात. त्यांनी मला कळवलंय. ज्यांच्या रक्तात औषध नसायला हवं, त्यांच्यात ते सापडलंय. ज्यांच्यात असायला हवं, त्यांच्यातलं उतरलंय. तुम्ही पेनं बदललीत का?"

 मला गप्प बसणं जमत नाही.

"बदलली," मी म्हणाले. "मग? वाटून घेतली. चोरी न्हाई केली."

"वाटून घेतलीत?" रेगेबाईंचा आवाज चढला. "प्रसाद आहे का तो? इतक्या माणसांचं, इतक्या वर्षांचं काम आहे हे! तुम्हा दोघांचं आजवरचं सगळं टोचणं, सगळ्या तपासण्या वाया गेल्या. दोघांचीही नावं मला काढावी लागणार."

"आमच्यावर वरडू नका, बाई! आमच्या माणसांच्या पोटात सुया टोचायच्या, आन् आत काय हाय ते आम्हालाच सांगायचं न्हाई. वर म्हणायचं, मला पण ठावं न्हाई. आम्ही काय तुमचे उंदीर?"

"सगळं समजावून सांगितलं होतं मी तुम्हाला."

"सांगितलं व्हतं, कळलं नव्हतं! ह्यांचा हात थांबलाय. मी माझ्या डोळ्यानं बघितलंय. त्यो कशानं थांबला मग?"

रेगेबाई खाली बसल्या. राग ओसरल्यासारखं त्यांचं तोंड झालं, आणि मला तेच जास्त झोंबलं.

"हौसाबाई, असं होतं. ह्या आजारात तर फार होतं. औषध मिळतंय असं मनानं घेतलं की काही दिवस हात थांबतो. म्हणूनच तर कुणाला सांगत नाही आम्ही." त्या थांबल्या. "आता नाव काढल्यावर सांगायला हरकत नाही. दौलतरावांच्या पेनात पहिल्या दिवसापासून पाणी होतं."

 मग महानंदाबाईंनी मान वर केली.

"म्हंजे आमच्या पेनात?"

"तुमच्या पेनात औषध होतं."

महानंदाबाई उठल्या. मला वाटलं डॉक्टरवर जातात. त्या माझ्यावर आल्या. "माझ्या हातात व्हतं की गं! माझ्या मालकाचं खरं औषध माझ्या हातात व्हतं, आन् मी ते ह्या बाईला दिलं! हिच्या नवऱ्याला लाडू खायचे व्हते म्हणून!"

"बदलू म्हणाली कोण? तूच ना?"

"तू रडत बसलीस म्हणून म्हणाले!"

"माझ्या रडण्याची कीव न्हाई आली तुला. खरं पाहिजे व्हतं म्हणून म्हणालीस!"

"गप की गं महानंदे," रेवणसिद्ध म्हणाले. त्यांचे दोन्ही हात मांडीवर थडथड उडत होते, आणि ते एक हात दुसऱ्यानं दाबून धरायला बघत होते.

"ऐका माझं," रेगेबाई सांगत होत्या, "त्या औषधानं गुण येतो की नाही, हेच अजून कुणाला माहीत नाही. तेच तर शोधतोय." पण महानंदाबाईंना ऐकूच जात नव्हतं. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून उठवलं आणि दारापाशी वळून मला म्हणाल्या, "तुमचं तोंड परत दिसू नये बघा." ते दिसलं नाही. नंतर मी दोनदा फोन केला, तिनं दोन्ही वेळा आवाज ऐकून ठेवून दिला. तिचा राग मला कळत होता. माझाही कमी झालेला नव्हता.

ती गेली आणि मला एकदम सुचलं. "थांबा. पेनात पाणी व्हतं, तर मग ह्यांची भूक कुठं गेली?"

रेगेबाईंनी ह्यांच्याकडं बघितलं. "दौलतराव, तुम्ही घरी अजून सांगितलं नाहीत?"

हे जमिनीकडं बघत होते.

"काय सांगितलं न्हाई?" मी विचारलं.

"ते त्यांनाच विचारा," रेगेबाई हलक्या आवाजात म्हणाल्या.

इस्पितळाच्या बाहेर पायऱ्यांवर मी ह्यांना बसवलं. समोर रिक्षांची रांग होती, माणसं येत-जात होती. मला कुणाची पर्वा नव्हती.

"बोला."

"नाक गेलंय," हे म्हणाले.

"म्हंजे?"

"वास येत न्हाई. कशाचाच. हात हलायच्या आधीपासनं. पयल्या दिवशी बाईंनी आत नेऊन इचारलं, तवा त्यास्नी सांगितलं. त्या म्हणाल्या, ह्या आजारात जातंच नाक, लई जणांचं आधी जातं. वास न्हाई तर चव न्हाई. खारट, गोड तेवढं कळतं. बाकी सगळं भुश्शासारखं. दोन वर्षं रेटलं. मग जेवण नकोसंच झालं."

 ह्या माणसानं दोन-अडीच वर्षं शेकडो माणसांचा स्वयंपाक केला होता. आणि प्रत्येक फोडणीला मला हाक मारली होती. मला वाटायचं, मान देतात.

"आन् मला का न्हाई सांगितलं?"

"आचाऱ्याला नाक न्हाई हे कुणाला सांगायचं असतं व्हय?"

"मी कुणी हाय का?" मी ओरडले. एक रिक्षावाला वळून बघायला लागला. "मी रोज रांधत व्हते! तुम्ही रोज म्हणत व्हता, आमटी फक्कड झालीया. दसऱ्याला बासुंदीला बोटं चाटली तुम्ही!"

"मग काय म्हणू? तुझ्या हातचं आन् माती मला एकच लागती, असं म्हणू?"

 कुणी कानफटात मारली असती तर इतकं लागलं नसतं. मला त्या सगळ्या खोट्या कौतुकाचा असा संताप आला की हातातली पिशवी मी पायरीवर आपटली. बर्फाचं पाणी खाली ओघळलं.

"आन् चव्हाणांच्यात? तिथं कसं जेवलात?"

"तिथं तर खरं औषध टोचलं व्हतं तू. पोटात ढवळून निघत व्हतं. पाटावर बसल्यापासनं उलटी वर येत व्हती. मांडवामागं जाऊन मोकळा झालो."

"मग खाल्लं कशाला!"

"तू परात घिऊन हुबी व्हतीस," हे म्हणाले.

घरी जाईपर्यंत मी एक शब्द बोलले नाही. पुढचे आठ दिवसही नाही. ताट वाढायचे आणि आतल्या खोलीत निघून जायचे. त्या आठ दिवसांतच ह्यांचा हात परत सुटला, आधीपेक्षा जास्त. पाणी होतं हे कळलं आणि हातानं धीर सोडला. रेगेबाई बोलल्या नसत्या तर आणखी वर्षभर तरी झारा हातात राहिला असता, असं मला अजून वाटतं. त्यांनी आपलं काम केलं, हेही मला कळतं. कळलं म्हणून राग जात नाही.

वैशाख आला. तांबव्याच्या पाटलांची सुपारी घेतलेली होती. ह्यांनी जायचं नाही म्हटलं. मी म्हटलं, जायचं.

चुलवणापाशी ह्यांना खुर्ची दिली. ह्यांनी बसून सांगायचं, किती पाणी, किती आच, काय आधी, काय मागून. फोडण्या मी दिल्या. बुंदी मी पाडली. वास मी घेतला. हात पोळले, डोळे धुरानं लाल झाले, पण पंगतीमागून पंगत उठली आणि नाव ठेवायला कुणाला जागा मिळाली नाही. मग पाटलांनी पाट मांडला, रांगोळी काढली, आणि हाक मारली, "बसा आचारी."

हे खुर्चीवरून उठले. उजवा हात डाव्या हातानं धरला होता. पाटावर बसले. पाटलांनी लाडू वाढायला घेतले. माणसं जमली. ह्यांनी पानाकडं बघितलं आणि मग मला शोधायला मान वळवली. तेच तोंड होतं, एसटीतलं, बोलायला उघडून मिटलेलं.

माझं डोकं फिरलं. मी माणसं बाजूला सारत पुढं गेले.

"भूक हाय का तुम्हाला?"

मी सगळ्यांसमोर, ओरडूनच विचारलं. आयुष्यभर ह्यांना वाढत आले होते, हे मात्र कधी विचारलं नव्हतं.

हे माझ्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "न्हाई."

"मग उठा."

"अहो बाई, असं कसं?" पाटील ताट घेऊन थबकले. "आचाऱ्याचं पान हाय. आचारी जेवल्याशिवाय..."

"ह्यांना वास येत न्हाई, पाटील. भूक लागत न्हाई. आजार हाय तो, तुमच्या अन्नात काय न्हाई. ह्यांनी सांगितलं आन् मी रांधलं. माझ्या नाकानं, माझ्या हातानं. जिनं रांधलं तिनं जेवायचं ना? मग वाढा."

मागून कुणीतरी बाई म्हणाली, "अगं बया, आचाऱ्याच्या पानावर बायको?" कुणीतरी तिला गप्प केलं. हे पाटावरून उठत होते, उठता उठता त्यांचा हात घसरला, मी दंडाला धरून उभं केलं. ते बाजूला झाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायलाही हात वर होत नव्हता.

मी पाटावर बसले. पदर खोचला. पाटलांनी थोडा वेळ वाट बघितली, मग लाडू माझ्या पानात टाकला.

मी जेवले. रागानंच जेवले, पण पोटभर जेवले.